माटुंगा म्हातारा कसा झाला? तीन विशेषणांची गोष्ट

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं : "माटुंगा ही सधन, वयस्कर आणि बहुभाषिक वस्ती आहे." गाईडनी तिन्ही विशेषणांखाली पेन्सिलने रेघा मारल्या आणि समासात एकच शब्द लिहिला : "कशावरून?"

वाक्य खोटं नव्हतं. फाइव्ह गार्डन्समध्ये संध्याकाळी चक्कर मारली तर तुम्हीही हेच लिहाल. पण डोळ्यांना दिसलेलं आणि पुराव्याने सांगता येणारं यांत किती अंतर असतं, ते मला या वाक्याने शिकवलं. संशोधनाच्या तयारीत असाल तर ही चूक माझ्या खर्चाने शिकून घ्या.

मी आधी अर्थातच आकडे शोधायला गेलो. माटुंगा महापालिकेच्या एफ उत्तर वॉर्डात येतं. पण वडाळा, अँटॉप हिल आणि सायन कोळीवाडाही त्याच वॉर्डात. म्हणजे पारशी कॉलनीतल्या आजी आणि अँटॉप हिलच्या झोपडपट्टीतलं तान्हं बाळ एकाच सरासरीत बसलेले! वॉर्डाची सरासरी काढून ती माटुंग्याच्या नावावर खपवली असती तर व्हायवात माझी धडगत नव्हती. त्याहून लहान विभागांचे आकडे मिळतात, पण त्यांत सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षरता, काम करणारे लोक अशाच गोष्टी असतात. साठीच्या पुढचे किती, मातृभाषा कोणती, हे त्या पातळीवर सापडत नाही. उत्पन्न तर आपली जनगणना विचारतच नाही. शिवाय हे सगळं २०११ चं, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही.

मग इतिहासाकडे वळलो, आणि तिथे प्रश्नच बदलला. "इथे कोण राहतं?" याऐवजी "कधी कोणाला इथे शिरता आलं?" असं विचारायला लागलो.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटी कमी करण्यासाठी त्याने शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याची आखणी केली. (तेव्हा हे उपनगर. आज प्रशासकीयदृष्ट्या उपनगर जिल्हा माहीम-सायनच्या पलीकडे सुरू होतो. जुना शब्द नव्या नकाशावर चिकटवू नका.) निखिल राव यांनी 'हाउस, बट नो गार्डन' या २०१३ च्या पुस्तकात दाखवलंय की इथे बंगल्यांऐवजी फ्लॅट उभे राहिले. चाळीपेक्षा वेगळे, संडास घराच्या आत असलेले. ते कोणाला परवडणार? नियमित पगार असलेल्यांना.

म्हणजे 'सधन'ची सुरुवात मुळात पगारदारांपासून झाली. कारकुनी, टायपिंग, हिशेबाच्या नोकऱ्यांसाठी आलेली तमिळ कुटुंबं माटुंग्यात स्थिरावली. १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी सुरू झाली. मंचरजी जोशी यांनी ट्रस्टकडून पारशी कुटुंबांसाठी भूखंड राखून घेतले. शेजारी हिंदू कॉलनी, पुढे गुजराती आणि कच्छी कुटुंबं. त्यामुळे 'बहुभाषिक' लिहितानाही जपून. वस्ती अनेक भाषांची, पण अनेक इमारती एकेका समाजाच्या. शेजार होता, सरमिसळ होतीच असं नाही.

आता 'वयस्कर'. पारशांचे आकडे बोलके आहेत : देशात १९४१ मध्ये सुमारे १ लाख १५ हजार, २००१ मध्ये ६९,६०१, २०११ मध्ये ५७,२६४. पण हा देशाचा आकडा. तो एका कॉलनीवर जसाच्या तसा लादता येत नाही, आणि बाकीचं माटुंगा का म्हातारं झालं तेही तो सांगत नाही. तिथे मला भाड्याचा कायदा जास्त उपयोगी पडला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी साधारण १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला घर सोडणं परवडेना आणि मालकाला नवा भाडेकरू मिळेना. हक्क मात्र आईवडिलांकडून मुलांकडे येत राहिला. दुसरीकडे खुल्या बाजारात किमती इतक्या चढल्या की याच घरांत वाढलेली मुलं लग्नानंतर ठाणे, डोंबिवली किंवा थेट परदेशात गेली. मागे राहिले आईवडील.

इथे 'सधन'चा अर्थही फिरतो. फ्लॅटची किंमत कोटींत, पण आजोबांचं पेन्शन? ज्याच्या नावावर घर आहे तो सधन. ज्याच्याकडे जुन्या भाडेपट्ट्याची पावती आहे, तो त्याच जिन्यावर राहूनही वेगळा. आणि या दोघांच्या घरी दिवसभर काम करणारी बाई याच वॉर्डात, पण दुसऱ्या टोकाला राहते. माझ्या मूळ वाक्यात ती कुठेच नव्हती.

मग पुरावा कुठून आणायचा? मी तीन ठिकाणं धरली आहेत. मतदार यादीत वय मिळतं, पण फक्त अठराच्या पुढचं, आणि परदेशी गेलेल्यांची नावंही कधीकधी तशीच राहतात. शाळांच्या पटावरून माध्यम कधी बदललं ते कळतं. सोसायट्यांच्या हस्तांतरणाच्या नोंदी कोण आलं, कोण गेलं ते सांगतात. एकही साधन एकटं पुरेसं नाही, तिघांची उलटतपासणी करावी लागते. आणि आडनावावरून समाज ठरवण्याचा मोह टाळा. त्यात चूकही होते, आणि माणसांना न विचारता त्यांच्यावर लेबल लावलं जातं.

सुधारलेल्या मसुद्यात माझं वाक्य असं आहे : "भूखंडांचं वाटप, भाड्याचा कायदा आणि जागेच्या किमती यांमुळे माटुंग्याच्या जुन्या इमारतींत ठरावीक समाजांची कुटुंबं टिकली आणि तिथेच म्हातारी झाली." विशेषणं गेली, क्रियापदं आली. आता हे सिद्ध करायचंय. गाईडनी यावेळी रेघ मारली नाही, फक्त विचारलं, "सुरुवात कुठल्या इमारतीपासून?"

तुमच्या सिनॉप्सिसमधली विशेषणं एकदा मोजून बघा. प्रत्येकापुढे "कशावरून?" लिहा. जिथे उत्तर अडेल, तिथेच बहुतेक तुमचं पुढचं प्रकरण आहे.