अर्धी होडी आणि मागची फळी

१९६१ साली 'लाइफ' मासिकात काही भन्नाट फोटो आले होते. एक गृहस्थ १३ फुटी होडीत बसलेत आणि ती होडी चक्क करवतीने मधोमध कापली जातेय. कापून झाल्यावर ते मागचा अर्धा भाग इंजिनासकट चालवत निघूनही गेले!

हे डिक फिशर, अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सच्या 'बॉस्टन व्हेलर'चे संस्थापक. हार्वर्डमध्ये शिकले तत्त्वज्ञान आणि बनवल्या होड्या. (आपण नाही का, शिकलो मेकॅनिकल आणि लिहितोय जावा?)

त्यांची ही होडी १९५८ची. फायबरग्लासच्या दोन कवचांमध्ये पॉलियुरेथेन फोम, सँडविचच म्हणा ना. फोम पाण्यापेक्षा कितीतरी हलका, मग कापली तरी बुडणार कशी?

खरी गंमत पुढे आहे. इंजिन जिच्यावर टांगतात ती मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम. तिच्या पोटात मात्र प्लायवूडच होतं! कारण हलका फोम तरंगायला झकास, पण बोल्ट आवळला की चेपतो. आणि इंजिनाचं वजन, त्याचा रेटा, सगळं याच फळीवर येतं. म्हणजे ती प्रसिद्ध अर्धी होडी चालली ती लाकडाच्या जिवावर.

पण लाकूड कुजतं. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपतं, आत कोंडतं. बाहेरून सगळं चकाचक. इंजिनाबरोबर फळी हलायला लागली की कळतं, तोवर आत भुगा झालेला असतो.

मग दुरुस्ती करताना नवा गाभा कशाचा घालायचा? मरीन प्लाय स्वस्त, मजबूत, स्क्रूही घट्ट धरतो. पण 'मरीन' म्हणजे डिंक पाण्यात टिकणारा, लाकूड न कुजणारं नव्हे. काचेचे धागे घातलेला जड फोमचा बोर्ड कुजत नाही, प्लायपेक्षा हलकाही असतो. मात्र महाग, आणि स्क्रूची पकड तितकी नाही. तिसरा उपाय म्हणजे कुजलेलं लाकूड वरून कोरून काढायचं आणि त्या पोकळीत घट्ट होणारं रेझिनचं मिश्रण ओतायचं. कवच कापावं लागत नाही, पण जुनं लाकूड पूर्ण निघालं पाहिजे.

गाभा कुठलाही घ्या, भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्या इपॉक्सीत बोल्टपुरतं नवं भोक पाडायचं. पाण्याची वाटच बंद. कुठलं मटेरियल यावर लोक तासन् तास भांडतात, पण जुनी फळी कुजली होती ती न बुजवलेल्या अर्ध्या इंचाच्या भोकामुळे.

असो. सोमवारी ऑफिसात 'नवीन फ्रेमवर्क घेऊया का?' असा विषय निघाला, तर मला ही फळी आठवणार आहे.