सॉलिड स्टेट रिलेद्वारे तापक नियंत्रण

सॉलिड स्टेट रिलेद्वारे तापक नियंत्रण ही विद्युत तापकाला, म्हणजेच हीटरला, मिळणारी सरासरी विद्युतशक्ती मायक्रोकंट्रोलरच्या साहाय्याने कमी-अधिक करण्याची पद्धत आहे. या पद्धतीत विद्युतदाब बदलला जात नाही. ठरावीक कालावधीपैकी किती काळ तापक चालू राहील, हे बदलले जाते. भट्ट्या, प्रयोगशाळेतील उष्णजलपात्रे, अंडी उबवण्याची यंत्रे आणि प्लास्टिकच्या वस्तू घडवणारी यंत्रे यांत तिचा वापर होतो.

तत्त्व

तापकाची तार बहुधा निकेल व क्रोमियम यांच्या नायक्रोम या मिश्रधातूची असते. अल्बर्ट मार्श यांना या प्रकारच्या मिश्रधातूचे अमेरिकन पेटंट १९०६ मध्ये मिळाले. तारेत निर्माण होणारी शक्ती विद्युतदाबाच्या वर्गाला रोधाने भागले असता मिळते. २३० व्होल्टवर १००० वॅट शक्ती देणाऱ्या तापकाचा रोध सुमारे ५३ ओहम असतो व त्यातून सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह वाहतो. दाब २०० व्होल्टपर्यंत उतरल्यास हाच तापक सुमारे ७५६ वॅट शक्ती देतो.

तापक, त्याचे आवरण व तापवायचा पदार्थ सावकाश तापतात आणि सावकाश निवतात. त्यामुळे प्रवाह काही क्षण चालू व काही क्षण बंद ठेवला, तरी तापमानात जाणवण्याइतका चढउतार होत नाही. पदार्थाला सरासरी शक्तीच मिळते.

रिलेची रचना

सॉलिड स्टेट रिलेमध्ये हलणारा भाग नसतो. नियंत्रक बाजूस एक प्रकाश उत्सर्जक डायोड असतो. त्याचा प्रकाश दुसऱ्या बाजूच्या अर्धवाहकावर पडला की ट्रायॅक किंवा एकमेकांच्या उलट जोडलेले दोन थायरिस्टर वाहक बनतात. दोन्ही बाजूंमध्ये प्रकाशाखेरीज दुवा नसल्याने मायक्रोकंट्रोलर घरगुती विद्युतदाबापासून अलग राहतो.

दर दोन सेकंदांस एकदा तापक चालू केला, तर दिवसात ४३,२०० वेळा रिले कार्यान्वित होतो. यांत्रिक रिलेचे संपर्कबिंदू पूर्ण भारावर साधारणतः एक लाख वेळा टिकतात. म्हणजे असा रिले तीन दिवसांतच निकामी होण्याचा संभव असतो. सॉलिड स्टेट रिलेला ही मर्यादा नाही.

नियंत्रणाच्या पद्धती

भारतातील विद्युतपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि प्रत्येक अर्धचक्र १० मिलिसेकंदांचे असते. प्रचलित ‘शून्यबिंदू’ प्रकारचा रिले दाब शून्याजवळ असतानाच चालू होतो आणि प्रवाह शून्यावर आल्यावरच बंद होतो. त्यामुळे शक्तीचे सर्वांत लहान माप एक अर्धचक्र हेच ठरते.

काल-प्रमाण पद्धतीत दोन सेकंदांचा कालखंड घेतल्यास त्यात २०० अर्धचक्रे येतात. ३५ टक्के शक्ती हवी असल्यास त्यांपैकी ७० अर्धचक्रे, म्हणजे ०.७ सेकंद, तापक चालू ठेवला जातो.

आर्डुइनो उनो फलकावरील तयार स्पंदरुंदी नियमन बहुतेक पिनांवर सुमारे ४९० हर्ट्‌झ वारंवारतेचे असते. त्याचे एक स्पंदन सुमारे दोन मिलिसेकंदांत संपते, म्हणजे एका अर्धचक्रात जवळजवळ पाच स्पंदने येतात. रिले त्यांना अनुसरू शकत नाही व शक्तीचे अपेक्षित प्रमाण साधत नाही. म्हणून कालखंडाची मोजणी प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे करावी लागते.

कलाकोन पद्धतीत प्रत्येक अर्धचक्राचा काही भागच तापकाला दिला जातो. तिच्यासाठी तत्काळ चालू होणारा रिले लागतो व प्रवाहाचा शून्यबिंदू ओळखणारे मंडल जोडावे लागते. अर्धचक्राच्या मध्यातच प्रवाह सुरू होत असल्याने या पद्धतीत विद्युत गोंगाट अधिक होतो.

प्रतिपोषण

पुरवठ्याचा दाब व सभोवतालचे तापमान बदलत असल्याने केवळ शक्तीचे प्रमाण ठरवून तापमान स्थिर राहत नाही. थर्मोकपल, प्लॅटिनम रोध किंवा थर्मिस्टर या संवेदकाने तापमान मोजून मायक्रोकंट्रोलर ते इष्ट तापमानाशी ताडून पाहतो. यासाठी बहुधा पीआयडी नियंत्रण वापरतात. त्यात सध्याची तफावत, तफावतींचे संकलन आणि तफावत बदलण्याचा वेग या तिन्हींचा विचार होतो. निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजांच्या सुकाणूसंदर्भात या नियंत्रणाचे सैद्धांतिक विवेचन १९२२ मध्ये केले. त्यातील गुणांक ठरवण्याची झीग्लर व निकोल्स यांची रीत १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली.

सुरक्षितता

वाहक स्थितीत रिलेवर सुमारे १ ते १.५ व्होल्ट दाब खर्च होतो. १० अँपिअर प्रवाहास त्यामुळे १० ते १५ वॅट उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकण्यासाठी रिले हीट सिंकवर बसवावा लागतो. रिलेवर छापलेली प्रवाहमर्यादा योग्य हीट सिंक असतानाच लागू पडते.

सॉलिड स्टेट रिले बिघडल्यास तो बहुधा कायमचा चालू राहतो. अशा वेळी प्रोग्रॅमने बंदचा आदेश दिला, तरी तापक तापतच राहतो व आग लागू शकते. संवेदक जागेवरून निसटल्यासही तापमान कमी भासून पूर्ण शक्ती दिली जाते. म्हणून मायक्रोकंट्रोलरवर अवलंबून नसलेला थर्मल फ्यूज किंवा तापमान वाढताच प्रवाह तोडणारा थर्मोस्टॅट तापकाच्या मंडलात एकसर जोडणे आवश्यक असते. तुटलेल्या संवेदकाचे अशक्य मापन ओळखून तापक बंद करणे आणि प्रोग्रॅम अडकल्यास मायक्रोकंट्रोलर पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग वापरणे, हे त्यास पूरक उपाय आहेत. ते थर्मल फ्यूजची जागा घेऊ शकत नाहीत.

बंद स्थितीतही रिलेतून काही मिलिअँपिअर प्रवाह झिरपू शकतो. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी मुख्य पुरवठा तोडणे अनिवार्य ठरते. केवळ रिले बंद असणे पुरेसे नसते. तापकाच्या धातूच्या आवरणाला अर्थिंग असावे लागते. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनवलेला रिले एकदिश प्रवाहावर वापरता येत नाही, कारण तेथे प्रवाह शून्यावर येत नसल्याने तो एकदा चालू झाल्यावर बंद होत नाही.