खाटेवरचा विमा

माझ्या थोरल्या भावाच्या कागदपत्रांची एक पत्र्याची पेटी आमच्या भाईंदरच्या घरात आहे. दादाच्या द्विध्रुवीय विकाराला आता बावीस वर्षं झाली. पेटीतली सर्वांत जुनी आरोग्य विम्याची पॉलिसी २००६ ची. तिच्यातल्या वगळलेल्या आजारांच्या यादीत 'मनोविकार' हा शब्द व्यसन आणि स्वतःला करून घेतलेली इजा यांच्या शेजारी बसवला होता. तो तिथे कसा पोचला, हे शोधायला मी लागले. मी पदवीधर इतिहासकार नव्हे. जुने कायदे वाचायला स्वतःच शिकले.

१९१२ चा 'इंडियन लुनसी अ‍ॅक्ट' उपचारांपेक्षा माणसाला आत कसं घ्यावं आणि बाहेर कसं सोडावं, यातच अधिक गुंतलेला आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय तर त्याही आधीचं, १९०१ चं. १९८७ चा कायदा १९९३ मध्ये अमलात आला. त्याची भाषा सौम्य झाली, पण भर दाखल करण्याच्या रीतीवरच राहिला. कायद्याला मनोरुग्ण दिसायचा तो खाटेवरचा.

विम्यालाही खाटच दिसते. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणलं, त्याचा पाया किमान चोवीस तासांचा रुग्णालयातला मुक्काम. पुढे मोतीबिंदू, डायलिसिस यांना त्यातून सूट मिळाली. सायकोथेरपी मात्र खुर्चीत बसून पाऊण तास बोलण्याची, आणि जुनाट आजारात वर्षानुवर्षं चालणारी. तिला ना खाट, ना डिस्चार्ज कार्ड.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं हे बदलेल असं वाटलं होतं. २९ मे २०१८ ला तो लागू झाला. त्याचं कलम २१(४) सांगतं की मनोविकारांना शारीरिक आजारांसारखाच विमा द्यावा. विमा नियामकाचं परिपत्रक त्याच ऑगस्टमध्ये निघालं. तरीही एका रुग्ण महिलेला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. एप्रिल २०२१ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. सगळ्या पॉलिसी कायद्यानुसार करायला नियामकानं अखेर ३१ ऑक्टोबर २०२२ ची मुदत घातली.

माझं म्हणणं असं, की गोम त्या 'सारखाच' शब्दात आहे. शारीरिक आजाराचा विमा मुळात खाटेचा, म्हणून बरोबरीही खाटेपुरतीच मिळाली. काही कंपन्या आता जादा हप्ता घेऊन ओपीडीचा खर्च देतात, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत.

आमच्या घरी हा इतिहास असा उतरला: २०२३ मध्ये दादा अकरा दिवस दाखल होता, ते बिल कंपनीनं मुकाट्यानं दिलं. पुढच्या थेरपीच्या पावत्या 'रुग्ण दाखल नव्हता' म्हणून परत आल्या. वास्तविक झोप कमी झाली, खरेदी वाढली की सावध व्हायचं, हे तो त्या खुर्चीतच शिकला. तेव्हापासून तो दाखल झालेला नाही. कंपनीचे पैसे वाचले, हे तिच्या हिशेबात कुठेच येत नाही.

सरकारी उपचारांसाठी ठाणं गाठायचं तर घोडबंदर रस्त्यानं बस, नाहीतर दादरला गाडी बदलून उलटा फेरा. दादा दुकानात कामाला आहे. तेवढ्यात त्याचा दिवस बुडतो.

दिवाळीनंतर पॉलिसीचं नूतनीकरण आहे. हप्ता वाढलाय. दादाची थेरपी आठवड्याला एकदा होती, ती आम्ही महिन्यातून दोनदा केली आहे. झोपेची वही आता मी ठेवते.