जुना ट्रक, नवे ब्रेक

पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो छोटा हत्ती. सकाळी मार्केट यार्डातून फ्लॉवरची पोती, दुपारी मांडववाल्याच्या खुर्च्या आणि महिनाअखेरीला कुणाचा तरी अख्खा संसार. त्या गाडीवर कुणी प्रेमबिम करत असेल असं वाटत नाही. अमेरिकेत मात्र सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचे पिकअप शोधून, गंज खरवडून, नवेकोरे करून जपणारी माणसं चिक्कार आहेत. त्यांच्यात एक जुनं भांडण आहे, आणि या वीकांताला मला त्याबद्दलच लिहायचंय.

भांडण असं: जुना ट्रक दुरुस्त करताना कारखान्यातून निघाला तस्साच करायचा, की वरून जुना ठेवून आतून नवा? दुसऱ्या प्रकाराला तिकडे 'रेस्टोमॉड' म्हणतात. रेस्टोरेशन अधिक मॉडिफिकेशन. मूळवाद्यांच्या मते ही चक्क भेसळ. पण पिकअपचा इतिहास वाचला की हा आरोप बराच पातळ होतो.

कारण पिकअप जन्मालाच आला तो फेरफारातून. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली. ती होती माणसं न्यायची गाडी. शेतकऱ्यांनी तिच्या मागच्या भागाची कापाकापी करून तिथे लाकडी खोकी ठोकली आणि दुधाचे कॅन, धान्य, डुकरं, जे असेल ते वाहायला सुरुवात केली. ही घरगुती कारागिरी इतकी पसरली की १९२५ मध्ये फोर्डने स्वतःच मागे पोलादी हौदा लावलेली गाडी बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर. म्हणजे वापरणाऱ्यांनी जुगाड केला आणि कंपनीने पुढच्या आवृत्तीत तो अधिकृत केला! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात असं रोज घडतं.

रेस्टोमॉडवाल्यांचा एक लाडका ट्रक म्हणजे शेवरोले ३१००. १९४७ च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्सने 'अॅडव्हान्स डिझाइन' नावाची मालिका आणली, तिच्यातला हा अर्धा टनी. गोलसर बॉनेट, फुगीर मडगार्ड, समोर आडव्या पट्ट्यांची जाळी. लहान मुलाला ट्रक काढायला सांगा, साधारण असाच काढेल. :) केबिनमध्ये बाहेरची ताजी हवा घेण्याची सोय होती, म्हणून कंपनी 'श्वास घेणारी केबिन' अशी जाहिरात करायची. इंजिन सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं, ताकद ९० अश्वशक्ती. हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची. स्टार्टर पायाने दाबायचा.

आता जरा आत डोकावू. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, आणि सगळे मिळून एकाच मास्टर सिलिंडरवर, एकाच सर्किटवर. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. (आमच्या भाषेत 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'.) सीटबेल्ट नाही, आज आपण लावतो तो तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिनने आणला १९५९ मध्ये. विजेची यंत्रणा ६ व्होल्टची, त्यामुळे दिवे मिणमिणते. आणि सगळ्यात भारी म्हणजे १९४९ पासून पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे! चालकाच्या कण्यामागे एक पत्रा आणि त्यामागे पेट्रोल.

तेव्हाचे अभियंते काही खुळे नव्हते. हा ट्रक बनला शेतावरून गावात जाण्यासाठी. मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर ४.११, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे चारहून जास्त फेरे. ओझं ओढायला झकास. पण हिशोब करून बघा: टॉप गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३,००० च्या पुढे फिरतं, आणि पूर्ण ताकद ३,३०० च्या आसपासच मिळते. बिचारं सतत धापा टाकणार.

पुढे १९५६ साली आयझेनहॉवरने इंटरस्टेट महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ४१,००० मैलांच्या रस्त्यांची योजना. ट्रक तोच राहिला, त्याच्याभोवतीचं जग मात्र वेगवान झालं. लिहिताना बरोबर असलेला कोड नव्या सर्व्हरवर कोसळतो, तसंच.

नेमक्या याच काळात कॅलिफोर्नियात 'हॉट रॉड'ची लाट होती. युद्धावरून परतलेली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांत मोठी इंजिनं कोंबून कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात शर्यती लावत. 'हॉट रॉड' मासिक १९४८ मध्ये सुरू झालं. १९५५ मध्ये शेवरोलेचं सुटसुटीत व्ही-८ इंजिन आलं आणि जुन्या गाडीत नवं इंजिन बसवणं सोपं होऊन गेलं. रेस्टोमॉड हे या हॉट रॉडचं पोक्त भावंड. तिथे हवा होता वेग. इथे हवाय भरवसा.

म्हणून चांगल्या रेस्टोमॉडची यादी अगदी गृहकृत्यदक्ष असते. पुढे डिस्क ब्रेक. दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी थांबवते. (नव्या मोटारींना अमेरिकेने असे ब्रेक १९६८ पासून सक्तीचे केले.) १२ व्होल्टची वीज, पट्टे, रेडियल टायर, टाकी सीटमागून काढून हौद्याखाली, आणि एखादा जास्तीचा गिअर. बाहेरून मात्र तोच ट्रक. यातलं काहीही मिरवायचं नसतं, हीच त्यातली रसिकता.

मग मूळवादी चुकतात का? नाही. जुना ट्रक म्हणजे एक दस्तऐवज असतो. फळ्यांवर पडलेले ओरखडे, पायाने झिजलेला स्टार्टर, वेल्डिंगची तेव्हाची पद्धत, हे सगळं पुस्तकात सापडत नाही. चासी एकदा कापली की ती माहिती कायमची गेली, आणि त्याला अन्डू नाही. म्हणून मला मधली रेघ अशी दिसते: जे परत काढता येतं ते खुशाल बसवा, जे कापावं लागतं तिथे दहादा थांबा. मूळ भाग डब्यात घालून, चिठ्ठी लावून ठेवा. आणि अजिबात हात न लावलेले जे थोडे नग उरलेत, ते तसेच राहू द्यात.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने सोडवलाय. शेवरोले मुंबईला नवी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. पण फक्त जुळणी नको, इथेच उत्पादन करा, असं सरकारने १९५३ मध्ये ठरवलं आणि १९५४ मध्ये तो बंद झाला. आज मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं (सीएनजीसारखी मान्यताप्राप्त किट सोडून), आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडीच बसते. म्हणजे सरकार मूळवाद्यांच्या बाजूचं! रस्त्यावरच्या भन्नाट मॉडिफिकेशन बघता हेतू समजतो. पण ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, अशीही अट आहे. मूळ ब्रेकवर रोज फिरणं धोक्याचं असतं, हे त्या अटीने न बोलता मान्यच केलंय असं मला वाटतं.

आता गोष्ट विजेपर्यंत आलीये. फोर्डने २०२१ मध्ये १९७८ चा एफ-१०० पिकअप विजेवर चालवून दाखवला आणि जुन्या गाड्यांत बसवायला एक सुटी मोटरही विकायला काढली. तिची ताकद २८१ अश्वशक्ती. पहिल्या पिकअपची किंमत डॉलरमध्ये होती, तोच आकडा. योगायोगच, पण मला आवडला.

शेतकऱ्याने गाडीत बदल केला तो तिच्यावरचं प्रेम कमी होतं म्हणून नाही. ती उद्याही कामाला यावी म्हणून. काचेच्या कपाटातला ट्रक आपल्याला १९४७ दाखवतो. रस्त्यावर नीट थांबणारा ट्रक मागे बसलेल्या पोराला सुखरूप घरी आणतो. दोन्ही हवेत, फक्त दुसऱ्याला भेसळ म्हणू नये, इतकंच.