धूळपाटीचा धडा

१९८९ साली मी डी.एड.ला होतो. छात्राध्यापक म्हणून माझा पहिला सरावपाठ एका खेड्यातल्या पहिलीच्या वर्गावर लागला. रात्र जागून मी कार्डशीटवर तक्ता रंगवला होता. वर कमळ, खटारा, गवत, घर अशी चित्रे आणि खाली शब्द. मी पट्टी ठेवायचो आणि पोरे एका सुरात शब्द म्हणायची. पाठ चांगला रंगला, असे मला वाटत होते. तेवढ्यात मागे बसलेले आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, ‘आता चित्रं झाका.’ मी वहीने चित्रे झाकली. सगळ्यात मोठ्याने म्हणणारी पहिल्या रांगेतली मुलगी एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘गुरुजी, दिसंना की.’

अक्षरे तर तिच्या समोरच होती. ती इतका वेळ चित्र वाचत होती, अक्षर नाही. मला ते कळले नाही, कारण तक्ता माझा होता, पट्टी माझ्या हातात होती आणि चाळीस पोरांचा मिळून एकच आवाज माझ्या कानावर येत होता.

त्या शाळेत एक कुलूपबंद कपाटही होते. १९८६च्या शैक्षणिक धोरणातून ‘खडू-फळा मोहीम’ निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य मिळावे, हा तिचा हेतू. साहित्य आले, डेडस्टॉक रजिस्टरला चढले आणि कपाटात गेले. ‘फुटलं तर भरून कोण देणार?’ असे मला सांगण्यात आले. त्या दिवसापासून, वर्गात येणारे नवे साधन नेमके कुणाच्या हातात जाते, हा प्रश्न मला पडत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना मी जुन्या काळात बराच मागे गेलो.

पंतोजींच्या शाळेत मूल पहिले अक्षर धूळपाटीवर गिरवायचे. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि टोकदार काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे. चुकले तर तळहात फिरवला की पाटी पुन्हा कोरी. आमच्या घरी आजोबांच्या वेळची लाकडी तख्ती होती. तिच्यावर मुलतानी माती फासायची, वाळवायची, बोरूने लिहायचे आणि पुन्हा धुऊन टाकायचे. तख्तीवर ओळ उजवीकडून डावीकडे जाई, धूळपाटीवर डावीकडून उजवीकडे, पण युक्ती एकच. कागद महाग होता आणि मुलाची चूक स्वस्त ठेवायची होती.

ही युक्ती एका परक्या माणसाच्या नजरेत भरली. डॉ. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागातल्या एका अनाथाश्रमाच्या शाळेचे प्रमुख झाले. कंपनीच्या गोऱ्या शिपायांची मुले तिथे शिकत. बेलसाहेबांनी जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिली. आपल्या शाळेतही असेच करा, असे त्यांनी मास्तरांना सांगितले. मास्तरांना ते जमण्यासारखे वाटेना. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला लहान मुलांच्या वर्गावर नेमले. पगारी मास्तरांना जे अवघड वाटले, ते या पोराने करून दाखवले. छात्राध्यापकांच्या परंपरेतला हा सगळ्यात धाकटा पूर्वज म्हणायला हरकत नाही!

१७९७ साली बेल यांनी लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तक छापले. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर हे तरुण शिक्षक लंडनमध्ये गरिबांच्या मुलांसाठी अशाच पद्धतीची शाळा चालवू लागले. वाळूचे बाक इंग्लंडच्या शाळांत दिसू लागले. मद्रासच्या अंगणातली वाळू लंडनला पोचली.

पण वाटेत एक गोष्ट बदलली. लँकेस्टर यांच्या शाळेत एका मोठ्या खोलीत शेकडो मुले आणि एकच शिक्षक असे. मोठी मुले खुणेनुसार लहानांना घोकवून घेत. इंग्लंडातल्या देणगीदारांना हे फार आवडले, कारण ते स्वस्त होते. मद्रासला वाळूमुळे प्रत्येक मुलाच्या बोटाला काम मिळाले होते. लंडनला त्याच वाळूने शिक्षकांचा पगार वाचवला. पुढे घोकंपट्टीचे तोटे दिसले आणि १८४६पासून तिथल्या सरकारने उमेदवार शिक्षकांना पाच वर्षे रीतसर तयार करण्याची योजना आणली.

तोवर हीच पद्धत विलायती शिक्का घेऊन आपल्याकडे परत आली होती. मुंबईत १८२२ साली देशी शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. पुढे ती ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखली गेली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस होते. लँकेस्टरची पद्धत तिने स्वीकारली, पण आणखी एक शहाणपणाचे काम केले. आधी शिक्षक तयार केले. १८२६ साली असे शिकून तयार झालेले २४ मास्तर मराठी आणि गुजराती मुलखात पाठवले गेले. छापलेली पुस्तके त्यांच्याबरोबर खेड्यांकडे निघाली. साधनाआधी माणूस, हा क्रम तेव्हा कुणाला तरी सुचला होता.

मग दगडी पाटी आली आणि धूळपाटी मागे पडली. पाटीवर आपले सगळ्यांचे प्रेम आहे. पण ती मुलांसाठी स्वस्त होती, सगळ्यांसाठी नाही. मध्य प्रदेशातल्या मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली बनत. दगड कापताना उडणाऱ्या धुळीने तिथल्या कामगारांची फुप्फुसे निकामी झाली. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. या कामगारांच्या कल्याणनिधीसाठी १९८२ साली त्या राज्याला वेगळा कायदा करावा लागला. आमची अक्षरे कुणाच्या श्वासावर उमटली, हे आम्हाला कुठल्या धड्यात शिकवले नाही.

साधन मुलाच्या हाती कसे द्यावे, हे महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी दाखवले. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला काम केले. माँटेसोरी पद्धतीचे विकतचे साहित्य महाग होते. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने गोळा केली आणि आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ तिथले. खडा हरवला तर दुसरा उचलायचा. त्याला ना कुलूप लागले, ना रजिस्टर.

आता माझी पुतणी डी.एल.एड. करते आहे. तिच्या सरावशाळेत भिंतीवर पडदा आहे. पडद्यावर कविता गात येते, शब्द रंग बदलतात आणि मुले सुरात म्हणतात. परवा तिने फोनवर सांगितले, ‘काका, मी आवाज बंद केला आणि एकेकाला वाचायला सांगितलं. वर्ग गप्प झाला.’ मला ‘दिसंना की’ म्हणणारी ती मुलगी आठवली.

मी पडद्याच्या विरोधात नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. नंतर राज्याच्या पुस्तकांत ते आले आणि २०२० साली डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. अडाणी आईच्या घरातही पुस्तक बोलू लागले, ही लहान गोष्ट नाही. पण २०२०च्या टाळेबंदीत आणखी एक गोष्ट कळली. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो. ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार, देशात तिसरीच्या १०० मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ साली २७ होती. २०२२ साली ती २०वर आली. शाळा नियमित भरू लागल्यावर २०२४ साली हा आकडा पुन्हा २७वर गेला. टाळेबंदीत गेले ते परत मिळाले, पण उरलेल्या ७३ मुलांचे काय?

मी हे रेडिओवरून बोलतो आहे, म्हणून कबूल करतो : रेडिओ बोलतो, पण ऐकत नाही. पडद्याचेही बहुतेक तसेच आहे. लहान मूल अडखळत वाचते, तेव्हा कुणीतरी ते ऐकावे लागते. ‘घर’ला ‘घार’ म्हटले की थांबवून पुन्हा विचारावे लागते. ते काम शिक्षकाचे. आणि याच राज्यात २०१२नंतर कित्येक वर्षे शिक्षकभरती बंद होती. डी.एड. झालेली आमची मुले गावात बसून राहिली. पडदे मात्र लोकवर्गणीतून लागत गेले. लँकेस्टरचा हिशोब असाच नव्या कपड्यांत परत येतो.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. बैठकीत ‘पडदा आला का?’ असे जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की आज वर्गात किती मुलांनी एकेकट्याने वाचले आणि ते कुणी ऐकले? माझ्या त्या पाठाला सरांनी गुण फारसे दिले नाहीत. टाचणवहीवर एवढेच लिहिले : तक्ता सुंदर, मुलांना पाळी द्यावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)