चिक चॉकलेट : नकलेतील मिस्कीलपणा आणि श्रेयाचा प्रश्न

भारतीय जॅझच्या इतिहासात चिक चॉकलेट यांचा उल्लेख बहुधा ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ या बिरुदानेच होतो. बिरुद गौरवाचे खरे. परंतु त्यांचे मूल्यमापन नकलेपाशीच थांबले, ते त्यामुळेच.

गोव्यातील हळदोणे येथे १९१६ साली जन्मलेले आंतोनियो शाविएर वाझ मुंबईत ट्रम्पेटवादक म्हणून नावारूपाला आले. चर्चशी संलग्न शाळांमुळे गोमंतकीय वादकांना पाश्चात्त्य स्वरलेखन लहानपणीच अवगत होई. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि जॅझ येथील वादकांना प्रत्यक्ष ऐकावयास मिळाला. पुढे १९४० च्या दशकात त्याच हॉटेलात चिक यांचा स्वतःचा वाद्यवृंद वाजू लागला. आर्मस्ट्राँग यांचा घोगरा स्वर, हातातील पांढरा रुमाल, मुद्राभिनय हे सारे त्यांनी उचलले होते. मात्र ही नक्कल अजाणतेपणाची नव्हती. रंगमंचासाठी ‘चॉकलेट’ हे नाव मिरविणाऱ्या कलावंताला आपण एक सोंग वठवीत आहोत याचे पुरते भान असले पाहिजे.

हा मिस्कीलपणा चित्रपटसंगीतात उतरला तो सी. रामचंद्र यांच्यामुळे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शास्त्रीय संगीताचे धडे घेतलेल्या या संगीतकाराला जॅझच्या ठेक्याचे आकर्षण वाटावे, ही बाब वरवर विसंगत भासते. प्रत्यक्षात दोघांचा पिंड खोडकर होता. चिक त्यांचे साहाय्यक झाले. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तर ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. एरवी गोमंतकीय वादक पडद्याआडच राहिले. चाल संगीतकाराची, तर तिची स्वरलिपी आणि वाद्यमेळाची रचना पुष्कळदा साहाय्यकाची. ध्वनिमुद्रिकेवर नाव मात्र पहिल्याचेच. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ या गाण्यात नकार दर्शविणारे कोंकणी शब्द शिरले आहेत. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील गोमंतकीय वावराची ती जणू गमतीने केलेली नोंदच होय.

नकलेचा शिक्का किती अपुरा आहे, हे ‘नादान’ (१९५१) वरून कळते. या चित्रपटाचे संगीत स्वतः चिक यांचे. त्यातील तलत महमूद यांच्या गीतात घोगरा स्वर नाही, ट्रम्पेटचा दणदणाटही नाही. आहे ती संयत, हळुवार चाल. तलत यांचे चाहते हे गीत आजही ऐकतात. ते कोणी स्वरबद्ध केले, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. चिक चॉकलेट १९६७ मध्ये निवर्तले.