विंचची स्पर्धा: गाडी ओढते विंच, राबतो को-ड्रायव्हर

फोर बाय फोर गाड्यांची 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' मूळची मलेशियाची, १९९७ पासूनची. गोव्यात ती २०१४ साली आली, तीही ऐन पावसाळ्यात. गाडीत दोघंच, ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हर. नाव ड्रायव्हरचं होतं, पण गाडी रुतली की चिखलात उतरतो को-ड्रायव्हर. विंचची तार ओढत चढ चढायचा, झाडाला रुंद पट्टा बांधायचा (नुसती तार गुंडाळली तर झाडाची साल सोलून निघते), आकडा अडकवून लांब व्हायचं. घड्याळ चालूच असतं.

विंचची ताकद गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट लागते. कमी पडली तर कप्पी लावतात. ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. ड्रमवर तारेचे पाच वेढे तरी शिल्लक ठेवायचे, नाहीतर टोक निसटतं.

खरा धोका ताणलेल्या तारेचा. तुटली तर चाबकासारखी उलटी येते. म्हणून तिच्यावर जाड, जड कापड टाकतात, हातमोजे घालतात आणि ताणलेली तार कुणी ओलांडत नाही. मनोरीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढायची असली तरी हेच लागू. बघ्यांनी दोराच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर उभं राहावं, पोरांना तर आणखी मागे ठेवावं.